पळून गेलेली की निघून गेलेली?

वाचकांचे प्रश्न : चित्रपट

मागच्या अंकात या सदरात 'द मॅन हू लव्हड कॅट डान्सिंग' या १९७३ सालच्या अमेरिकन चित्रपटाविषयी लिहिले होते. त्यानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की हा अंक त्या एकाच चित्रपटाला द्यावा असे वाटले. ज्यांच्या हाती मागचा अंक आला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. काळ १८८० च्या दशकातला, जागा वायोमिंगचा प्रदेश. नवऱ्याचे घर सोडून एकटीच घोड्यावरून आगगाडी गाठायला निघालेली कॅथरीन नेमकी तिथे पोचते जिथे ग्रोबार्ट आणि त्याचे साथीदार तीच गाडी लुटण्याच्या तयारीत आहेत. ते तिला सोबत घेऊन निघतात. ग्रोबार्टला लुटीच्या पैशातून शोशोनी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीत वाढणारी आपली मुले परत आणायची आहेत, आणि कॅथरीनचा नवरा एका जाणत्या तपासनिसासह मागावर आहे. ग्रोबार्टचे काम बर्ट रेनॉल्ड्स यांनी आणि कॅथरीनचे सारा माइल्स यांनी केले आहे. दिग्दर्शन रिचर्ड साराफियन यांचे आहे.

प्रश्न : आपण नायिकेचा उल्लेख 'घर सोडून निघालेली' असा करता. बहुतेक ठिकाणी तिला 'पळून गेलेली बायको' म्हटले जाते आणि मला तरी त्यात काही चूक दिसत नाही. हा शब्द आपण जाणूनबुजून टाळला का? (एक वाचक, पंचवटी)

होय, जाणूनबुजूनच टाळला, आणि त्याचे कारण मराठी भाषेत आहे. आपल्याकडे 'ती पळून गेली' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या तोंडून पुढचा प्रश्न लगेच येतो, 'कोणाबरोबर?' हा प्रश्न शब्दाच्या पोटातच असतो. एखादी बाई कोणाचाही हात न धरता, स्वतःच्या विचाराने घराबाहेर पडू शकते, ही शक्यता त्या शब्दाला मान्यच नाही. याच्या उलट बाजूलाही पाहावे. नवऱ्याने बायकोला घराबाहेर काढले तर तिला 'टाकलेली' म्हणतात. म्हणजे तो गेला काय किंवा ती गेली काय, डाग लागलेला शब्द तिच्याच वाट्याला येतो. टाकणाऱ्या पुरुषासाठी मराठीत असा रुळलेला शब्द मला तरी सापडलेला नाही.

आता चित्रपटाकडे या. कॅथरीन घराबाहेर पडते तेव्हा ग्रोबार्ट नावाचा माणूस जगात आहे हेही तिला ठाऊक नसते. तिचा निर्णय आधीचा आहे आणि प्रेम नंतरचे आहे, आणि या क्रमावर माझ्या मते सगळा चित्रपट उभा आहे. हा क्रम उलटा केला तर उरते ती एका दरोडेखोराने फूस लावून नेलेल्या बाईची गोष्ट, जी शंभरदा सांगून झालेली आहे. मूळ कादंबरी मॅरिलिन डरहम या लेखिकेची, १९७२ सालची, आणि पटकथाही एलिनॉर पेरी या स्त्रीचीच. वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या घोडेस्वारांच्या आणि दरोडेखोरांच्या चित्रपटांचा प्रकार, तोवर जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांच्या हातात होता, त्यामुळे सुरुवातीलाच एक बाई एकटी घोडा हाकत येताना दिसते यामागे या दोघींच्या लेखण्या आहेत असे मी मानते.

आपण नाशिककर आहोत, म्हणून एक गोष्ट येथे आठवल्याशिवाय राहवत नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली जो पहिला चित्रपट लोकांपुढे आणला त्याची नायिका तारामती होती, म्हणजे सत्यासाठी राज्य सोडलेल्या नवऱ्यामागून चालत जाणारी आणि अखेर त्याच्याच हातून बाजारात विकली जाणारी राणी. पडद्यावर यायला त्या वेळी एकही स्त्री तयार झाली नाही, म्हणून तारामतीचे काम साळुंके या पुरुष नटाने केले. आपल्या पडद्याची पहिली बायको ही अशी मागून चालणारी होती. या गोष्टीला मी कमी लेखत नाही, तिच्यातली करुणा खरी आहे. पण निघून जाणारी बायको पडद्यावर आली की आपल्या डोळ्यांना ती चटकन का पटत नाही, याचे थोडे उत्तर तारामतीपासूनच्या आपल्या या सवयीत असावे.

प्रश्न : त्या काळी अमेरिकेत आगगाड्या खरोखर एवढ्या लुटल्या जात होत्या का, की हे सगळे चित्रपटवाल्यांचे रचलेले आहे? (एक विद्यार्थी, कॉलेज रोड)

लुटल्या जात होत्या. यादवी युद्ध संपल्यानंतर साधारण दीड वर्षाने, ६ ऑक्टोबर १८६६ रोजी, इंडियाना राज्यात रेनो बंधूंनी चालत्या गाडीवर दरोडा घातला आणि तिथून ही रीत पसरली. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमॉन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले, तेव्हा सोने, पगाराची रक्कम आणि बँकांचा पैसा शेकडो मैलांच्या निर्जन माळावरून धावू लागला. गाडीत वेगळा डबा आणि त्यात तिजोरी असे. वळणावर किंवा पाणी भरण्याच्या जागी गाडी थांबवली की जवळचे ठाणे तासन्‌तास लांब. वायोमिंगमधलाच सर्वांत गाजलेला दरोडा २ जून १८९९ चा, विलकॉक्सचा. त्यात डब्यावर सुरुंग लावले गेले. चित्रपटातही हे सगळे १९०३ सालीच आले. एडविन पोर्टर यांचा गाडीच्या दरोड्यावरचा सुमारे बारा मिनिटांचा चित्रपट त्या वर्षीचा आहे, आणि त्याचे पुष्कळसे चित्रण पश्चिमेत न होता न्यू जर्सीत झाले होते.

प्रश्न : जो माणूस तिला जबरदस्तीने सोबत नेतो त्याच्याच ती प्रेमात पडते. मला हे पाहताना फार अस्वस्थ वाटले. याला प्रेम म्हणावे का? (एक वाचक, गंगापूर रोड)

आपली अस्वस्थता योग्य आहे, आणि चित्रपट आवडूनही ती माझ्या मनातून गेलेली नाही. चित्रपट येथे एक जुनी युक्ती वापरतो. ग्रोबार्टच्या टोळीत दोन माणसे अशी आहेत की ती कॅथरीनकडे केवळ हाती लागलेली वस्तू म्हणून पाहतात. त्यांच्या जबरदस्तीचा प्रसंग पडद्यावर येतो, आणि तो आला की त्यांच्यापासून तिला वाचवणारा नायक आपोआप उजळ दिसू लागतो. वाईटाशेजारी कमी वाईट उभा केला म्हणजे तो चांगला ठरत नाही. प्रेक्षकाच्या मनात नायकाबद्दल आदर निर्माण करण्यासाठी बाईच्या अंगावर हल्ला घडवून आणायचा, ही सवय आपल्या हिंदी चित्रपटांनाही पुष्कळ वर्षे होती, आणि ती मला कुठेही क्षम्य वाटत नाही.

तरीही मी या प्रेमाला खोटे म्हणणार नाही. अशा कथांमध्ये मी एकच गोष्ट शोधते. बाईला परत फिरण्याची किंवा वेगळ्या वाटेने जाण्याची खरी मोकळीक कोणत्या क्षणी मिळते, आणि ती मिळाल्यावर ती काय करते? ज्या कथेत असा क्षण येतच नाही तिथे पुढचे हसणे, लाजणे, गाणे सगळे कैदेतलेच असते. या चित्रपटात तो क्षण हळूहळू येतो. सुरुवातीला घोड्यावर अवघडून बसलेली, साहेबी पोशाखातली, चिडलेली कॅथरीन आणि नंतरच्या बर्फातली कॅथरीन यांच्यात जो फरक पडतो तो तिने शिकलेल्या गोष्टींमुळे पडतो, म्हणजे घोडा, थंडी, अन्न आणि भीती यांच्याशी तिने स्वतः केलेल्या सामन्यामुळे. सारा माइल्स यांनी हा बदल संवादांपेक्षा अंगाने दाखवला आहे. त्यांची पाठ सरळ होत जाते. बर्ट रेनॉल्ड्स यांचे कामही त्यांच्या पुढच्या खेळकर भूमिकांच्या तुलनेत फार आवरलेले आहे. जॉन विल्यम्स यांचे संगीत मात्र काही ठिकाणी आपल्याला जे अजून वाटलेले नसते ते आधीच सांगून टाकते, असे मला वाटले.

एक गोष्ट सांगायची राहिली. असा चित्रपट तीसएक वर्षे आधी निघूच शकला नसता. अमेरिकेत १९३४ पासून काटेकोरपणे लागू असलेल्या निर्मिती-संहितेनुसार गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असे दाखवायचे नव्हते आणि विवाहाचे पावित्र्य राखायचे होते. म्हणजे विवाहित स्त्री आणि दरोडेखोर यांच्यातल्या प्रेमाला शेवटी मरण किंवा पश्चात्ताप हेच दोन रस्ते उरत. ही संहिता १९६८ साली गेली आणि तिच्या जागी वयानुसार वर्गवारी आली.

प्रश्न : मी निवृत्त वकील आहे. नवऱ्याला तिला परत नेण्याचा कायदेशीर अधिकार तिथे होता का, आणि त्याच सुमारास आपल्याकडे काय स्थिती होती, यावर लिहावे. (एक वाचक, देवळाली कॅम्प)

आपला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण नवऱ्याची घोडदौड पाहताना आपण गृहीत धरतो की त्याच्या मागे कायदा उभा आहे. निदान वायोमिंगपुरते तसे म्हणता येत नाही. १० डिसेंबर १८६९ रोजी या प्रदेशाने स्त्रियांना मताधिकार दिला, आणि त्याच अधिवेशनात विवाहित स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेला संरक्षण देणारा कायदाही केला. १८७० साली लॅरमी येथे स्त्रिया ज्युरीत बसल्या आणि एस्थर मॉरिस या साउथ पास सिटीच्या न्यायाधीश झाल्या. यामागचा हेतू संपूर्णपणे उदात्त नव्हता. विरळ वस्तीच्या त्या प्रदेशात स्त्रियांनी येऊन राहावे, अशीही इच्छा होती. पण कागदावर तरी कॅथरीन ज्या भूमीवरून घोडा हाकते ती त्या काळच्या जगात बायकांच्या हक्कांच्या बाबतीत पुढे होती. मागावर येणारा नवरा कायद्याचा हात धरून येत नाही, 'माझे आहे ते मी परत नेणार' या हक्काच्या भावनेने येतो, आणि सोबत तपासनीस आहे तो दरोड्याच्या तपासासाठी. हे दोन वेगवेगळे पाठलाग एकाच वाटेवर चालतात, आणि मला वाटते पटकथेतली सर्वांत हुशार रचना हीच आहे.

आता आपल्याकडे. चित्रपटातली कॅथरीन जेव्हा निघते त्याच दशकात मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंचा खटला उभा होता. १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, आईकडे आणि सावत्र वडिलांकडे राहून शिकत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. 'केसरी'ने त्या वेळी त्यांच्याविरुद्ध भूमिका घेतली होती, हे नोंदवताना मला आजही वाईट वाटते.

आपण वकील आहात, त्यामुळे रखमाबाई ज्या दाव्याशी झुंजल्या तो दावा नाहीसा झालेला नाही हे आपणांस माहीत असेलच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो आजही आहे आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेला धरून असल्याचे म्हटले. आता कोणाला त्यासाठी कैदेत टाकत नाहीत आणि पुष्कळदा ते कलम घटस्फोटाची पायरी म्हणूनच वापरले जाते. तरीही 'नांदायला पाठवा' अशी मागणी न्यायालयात करता येते.

मात्र चित्र एवढ्यावर पुरे होत नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या आणि एकूण महाराष्ट्रातल्या अनेक जातीजमातींत काडीमोड आणि पाट या रीती कायद्यांच्या फार आधीपासून चालत आल्या आहेत. पंचांसमोर काडी मोडली की लग्न मोडले, आणि बाईला पाट लावता येत असे. त्यात देण्याघेण्यावरून भांडणे होत, बाईचीच बाजू पडती असे, हे खरे. पण लग्न मोडू शकते ही गोष्ट त्या घरांना परकी नव्हती. जी घरे स्वतःला वरची समजत त्यांनीच ते अशक्य मानले. म्हणून अमेरिकेतली कॅथरीन पाहून 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' असे कोणी लिहिले की मी विचारते, आपली म्हणजे नेमकी कोणत्या आळीतली?

प्रश्न : 'आउटलॉ' या शब्दाला मराठीत काय म्हणावे? दरोडेखोर पुरेसे वाटत नाही. (एक वाचक, सिन्नर)

मलाही वाटत नाही. मूळ अर्थ आहे कायद्याच्या छत्राबाहेर घातलेला माणूस, ज्याला कोणीही मारावे आणि विचारणारे कोणी नसावे. 'परागंदा' हा शब्द त्याच्या जवळ जातो, पण त्यात स्वतःहून परमुलुखात गेल्याची छटा आहे. आपल्या भागात 'बंडकरी' हा शब्द आहे. १८४८ साली ठाण्यात फाशी गेलेल्या राघोजी भांगऱ्यांना सरकारी कागद दरोडेखोर म्हणत आणि सह्याद्रीतली माणसे बंडकरी म्हणत. आपल्या सिन्नर भागात १८५९ साली मारल्या गेलेल्या भागोजी नाइकांचेही तसेच. ग्रोबार्टला मात्र मी बंडकरी म्हणणार नाही. तो कोणासाठी लढत नाही, आपल्या मुलांसाठी पैसा लुटतो. त्याला 'फरारी' म्हणावे.

प्रश्न : मनमाडजवळ गाडीतून अंकाई-टंकाई आणि हडबीची शेंडी दिसते तेव्हा मला नेहमी वेस्टर्न चित्रपटांतले डोंगर आठवतात. हे साम्य खरे आहे का? (एक वाचक, मनमाड)

डोळ्यांना खरे आहे, दगडाच्या दृष्टीने नाही. या चित्रपटाचे चित्रण युटा आणि ॲरिझोना येथे झाले आहे. तिथले तांबडे कडे वाळू आणि गाळ थरांनी साचून झालेले आहेत. आपले काळे कडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे आहेत. वरचा कठीण थर टिकतो आणि कडेचा झिजत जातो, म्हणून दोन्हीकडे सपाट माथे आणि एकटे सुळके उरतात. हॅरी स्ट्रॅडलिंग धाकटे यांच्या छायाचित्रणात माणसे त्या कड्यांखाली फार लहान दिसतात. श्रावण संपल्यावर अंकाईच्या पायथ्याशी उभे राहावे, तसेच वाटते.

प्रश्न : चित्रपटाला नाव त्या मेलेल्या शोशोनी बायकोचे आहे, मग तिच्याबद्दल आपण इतके कमी का लिहिले? (एक वाचक, इंदिरानगर)

ही माझी चूक होती. कॅट डान्सिंग ही ग्रोबार्टची पहिली पत्नी. कथा सुरू होण्यापूर्वीच ती मेलेली आहे आणि तिच्या मृत्यूच्या प्रकरणातूनच ग्रोबार्टला तुरुंगवास घडलेला आहे. नाव तिचे, प्रेम तिच्यावरचे, पण तिला स्वतःचे म्हणणे सांगायला जागा नाही. कॅथरीनला निघून जाता आले. कॅट डान्सिंगला जाताही आले नाही आणि राहताही आले नाही. चित्रपट या दोघींना एकमेकींशेजारी ठेवतो, आणि तरीही दुसरीच्या स्वातंत्र्यासाठी पहिलीच्या मरणाचा पायरीसारखा उपयोग करतो. लेखिका आणि पटकथाकार दोघीही स्त्रिया असताना हे घडले, याचा मी मागच्या अंकात विचार करायला हवा होता.

शोशोनी लोकांचाही तेवढाच विचार व्हायला हवा. १८६८ सालच्या फोर्ट ब्रिजरच्या तहाने पूर्वेकडच्या शोशोनींना विंड रिव्हरच्या खोऱ्यात राखीव भूमी मिळाली. वाशाकी हे त्यांचे प्रमुख होते. म्हणजे ग्रोबार्ट मुले मागायला जातो ती माणसे स्वतःच आकसत चाललेल्या भूमीवर राहत होती. 'पैसे देऊन मुले परत आणीन' या त्याच्या कल्पनेतच, ती मुले आईच्या माणसांत सुखाने वाढत असतील ही शक्यता त्याने धरलेली नाही. चित्रपट त्याला याची जाणीव करून देतो आणि तो भाग मला फार आवडतो. शोशोनी प्रमुखाचे काम जे सिल्व्हरहील्स यांनी केले आहे. ते कॅनडातल्या मोहॉक या मूळ रहिवाशांच्या समाजाचे होते. शोशोनी नव्हते, पण निदान रंग फासलेले गोरेही नव्हते.

प्रश्न : ताई, आपला लेख वाचून माझ्या पळून गेलेल्या आत्याची आठवण झाली. साधारण पन्नास वर्षांपूर्वी ती एक ट्रंक घेऊन नाशिकरोड स्थानकावरून मुंबईच्या गाडीत बसली. घरात तिचे नाव घेत नसत. ती कोणाबरोबर गेली हे आम्हांला कधीच कळले नाही. आता ती ऐंशी वर्षांची आहे, ठाण्यात एकटी राहते आणि वर्षातून एकदा फोन करते. पळून गेलेल्या आत्याला हा चित्रपट दाखवावा का? (एक वाचक, नाशिकरोड)

दाखवा. मध्येच येणाऱ्या जबरदस्तीच्या प्रसंगाची मात्र त्यांना आधी कल्पना द्या, आणि तो भाग त्यांना पुढे ढकलायचा असेल तर ढकलू द्या.

त्याआधी, जमल्यास, त्यांच्याकडे जाऊन या. कोणाबरोबर गेलात हे विचारू नका. कदाचित तसे कोणी नसेलच, आणि घराने पन्नास वर्षे ज्या माणसाचा शोध घेतला तो माणूस जन्मालाच आलेला नसेल. त्याऐवजी ट्रंकेत काय भरले होते ते विचारा. तिकिटाचे पैसे कोठून आणले, दादरला उतरल्यावर पहिली रात्र कुठे काढली, पहिला पगार किती मिळाला, हे विचारा. कॅथरीनबद्दल चित्रपट आपल्याला यातले फारच थोडे सांगतो. ती घरातून काय घेऊन निघाली याकडे दरोड्याच्या धांदलीत कोणाचे लक्ष जात नाही. तुमच्या आत्या ते सांगू शकतात, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाकडे जाणे पुढच्या सुटीवर ढकलू नये.

आपल्या पत्रात 'पळून गेलेली आत्या' हे शब्द दोनदा आले आहेत. पत्र आपले आहे, म्हणून छापताना ते तसेच ठेवले. ठाण्याहून परतल्यावर मला पुन्हा लिहा. त्या पत्रात आपण कोणता शब्द वापरता ते वाचायला मी थांबले आहे.